साहेब दचकत नाही

३ फेब्रुवारी, सकाळ

सुतळी व्याली. पाच पिल्लं. दोन नर, तीन माद्या. सगळी धड. मी काही उशाशी बसून राहिले नाही. कुत्री आपली आपण विते, कौतुकाला माणसं लागतात ती बायकांना.

आजपासून ही वही. शाळा चौथीपर्यंत, त्यातली चौथी अर्धीच, पण अक्षर मुलापेक्षा बरं. मुलगा म्हणतो, आई, हल्ली तुझ्या लक्षात राहत नाही, लिहून ठेवत जा. माझ्या सगळं लक्षात राहतं. हे लोकच सांगितलं नाही तरी सांगितलं म्हणतात. पुरावा असावा म्हणून लिहिणार. वही कुणाला दाखवायची नाही.

माल कसा आहे ते लिहून ठेवते. आई, म्हणजे सुतळी, शिकारी जातीची. उंच, हडकुळी, पळायला लागली की पाय दिसत नाहीत. बाप गॅरेजवाल्याचा पॉइंटर. ससा काल गेला की परवा, हे वासावरून सांगतो. तेव्हा धाव आईची, नाक बापाचं. लोक म्हणतात क्रॉस म्हणजे भेसळ, प्युअरच्या निम्मा भाव. मी म्हणते एका कुत्र्यात दोन कुत्री मिळतात, तर भाव दुप्पट का नाही? यावर आजवर कुणाला उत्तर देता आलेलं नाही.

५ फेब्रुवारी

मुलगा पुन्हा शेडवर घसरला. त्याने डिलिव्हरीची व्हॅन घेतलीय, ती रस्त्यावर उन्हात तापते म्हणे. परसातली शेड पाडली तर व्हॅन आत येईल. त्या शेडमध्ये मी चौतीस वर्षं कुत्री वाढवली. याची शाळेची फी त्यातूनच गेली. व्हॅनला ऊन लागतं!

मी म्हटलं, पैज लाव. यातलं एक पिल्लू वीस हजाराला गेलं तर शेड राहील. पंधरा एप्रिलपर्यंत नाही गेलं, तर खुशाल पाड. तो म्हणाला, मागच्या वेळी तीन हजाराच्या वर कुणी एक पैसा दिला नव्हता. मी म्हटलं, मागच्या वेळी बाप कोण होता ते आठव. कोपऱ्यावरचा कुणीतरी.

सूनबाई मधे पडली. म्हणाली, आई, शेड गेली म्हणून काय झालं, तुम्ही आहातच की. मी म्हटलं, शेड गेली की मी नुसतीच असेन.

ती पुढे काहीतरी पुटपुटली. हल्ली फार पुटपुटते. नोकरीच्या बायकांचं असंच, ऑफिसात बोलून घसा संपतो.

२ मार्च

पिल्लं जेवायला लागली. पातेलं वाजवलं की चार धावत येतात, एकमेकांच्या डोक्यावरून. पाचवा निजलेला. पांढराशुभ्र, एका डोळ्यावर तपकिरी डाग. हाक मारली, बघितलं नाही. टाळी वाजवली, मान वळवली नाही. पोटाला हात लावला तेव्हा सावकाश उठला, आळोखेपिळोखे दिले आणि रांगेत सगळ्यांच्या शेवटी येऊन जेवला. असा एकच मी पाहिलाय, घरपट्टीच्या ऑफिसात. म्हणून नाव साहेब.

सगळ्यात बारकी मादी आहे तिचं नाव चिमटी. पातेल्यावर डाव घासला तरी हजर. हावरट. अशी कुत्री कामाची नसतात, शिकारीआधीच स्वतःची जीभ दाखवतात.

वीस हजार साहेबाचे. ठरलं.

५ मार्च

कुकर बिघडला. शिट्टी होत नाही. बटाट्यांचा कोळसा. सून म्हणाली, आई, अकरा शिट्ट्या झाल्या, मी वरच्या खोलीतून मोजल्या. शेजारच्यांच्या मोजल्या असतील.

९ मार्च

आज बंदुकीची टेस्ट. शिकारी कुत्रं बार ऐकून पळालं की संपलं, घरी बसून पावच खायचा. बंदूक नाही म्हणून लोखंडी घमेलं घेतलं, स्टुलावर चढले आणि फरशीवर टाकलं.

रिझल्ट: चार पिल्लं चार दिशांना. चिमटी तर थेट शेडच्या बाहेर, पण दोन मिनिटांत परत येऊन घमेलं हुंगायला लागली. लोचट. सुतळी पलंगाखाली. सून ओल्या हातांनी धावत आली, मुलगा अर्ध्या दाढीने. साहेब पाय चाटत होता. चाटतच राहिला. डोळ्याची पापणीसुद्धा हलली नाही!

मी चौतीस वर्षांत असं पिल्लू पाहिलं नाही. मुलगा म्हणाला, केवढ्याने दचकलो, गाल कापला. मी म्हटलं, दोघं उगाच नाटकं करता, मला काही एवढं वाटलं नाही.

साहेबाचा भाव पंचवीस.

१४ मार्च

संकल्प. रोज सकाळी सहाला ट्रेनिंग.

१५ मार्च

साडेसातला उठले. गजराचं घड्याळ कुचकामी. सून म्हणाली, वाजत होतं, मीच येऊन बंद केलं. मग मला का नाही उठवलं? म्हणे हलवलं होतं. तिचं हलवणंही पुटपुटल्यासारखंच.

१९ मार्च

ट्रेनिंग जोरात. साहेब हाकेला येत नाही, पण हात वर केला की बसतो, हात खाली केला की आडवा होतो, पाय आपटला की कुठूनही वळून बघतो. एवढंसं पिल्लू. त्याला तोंडाची वटवट आवडत नाही, हे मला पटतं. बोलण्यापेक्षा खुणा बऱ्या. मला स्वतःलाही हल्ली माणसांच्या तोंडाकडे बघितलं की जास्त कळतं.

दुपारी माझ्या पायांवर झोपतो. पाय गार पडतात म्हणून झोपू देते. लाड नाहीत.

२१ मार्च, संध्याकाळ

गॅरेजवाला आला. आमचा करार असा की त्याने पॉइंटरचे पैसे घ्यायचे नाहीत, त्याबदली पहिलं पिल्लू तो निवडून फुकट नेणार. या धंद्यात सगळीकडे असंच चालतं. पण धंदा म्हणजे काही शपथ नव्हे. झाकली मूठ सव्वा लाखाची. साहेबाला मी मोरीत टोपलीखाली ठेवलं आणि दाराला कडी.

गॅरेजवाला म्हणाला, मावशी, पाच होती ना? मी म्हटलं, चार. तुला पटत नसेल तर तुझ्या पॉइंटरला विचार. त्याने दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली असावी, कारण चारही पिल्लं उधळत आली. चिमटी सगळ्यात पुढे. तिला उचलून त्याने कानात काहीतरी म्हटलं आणि शर्टात घातली. म्हणाला, हीच. मी हसू आवरलं. निवडायला आला आणि चिंधी घेऊन गेला!

आणि साहेब? एवढी शीळ झाली, भावंडं ओरडली, पण मोरीतून चूं नाही. काय समजूतदार जनावर!

सून मात्र रात्री जेवताना बोलली नाही. तिला खोटं आवडत नाही. तिचं ठीक आहे, तिला पगार आहे. मला थोडं खुपलं. जेवण झाल्यावर गेलं.

२५ मार्च

भाजीवालीच्या दुकानावर पाटी लावलीय. शिकारी क्रॉस, न दचकणारा, पंचवीस हजार, माझा नंबर. चार दिवस झाले, एक फोन नाही. मोबाइलवर कसलासा लाल आकडा येतो, तो वाढतो फक्त. आज चौदा आहे.

२८ मार्च

उरलेली तीन गेली. दूधवाल्याने एक घेतलं अडीच हजाराला, मुलाच्या दोस्ताने दोन मिळून पाच हजारांना. चिल्लर. मुलाने लाल आकडा बघितला. म्हणाला, हे तुला आलेले फोन आहेत, आई, तू घेतले नाहीस. त्याने एक-दोघांना परत लावले, त्यांनी दुसरीकडून घेतलं होतं. घाई करणाऱ्यांना मी तसंही दिलं नसतं.

१ एप्रिल

मुलाने गॅरेजवाल्याने पाठवलेला व्हिडिओ दाखवला. चिमटी गवतात नाक खुपसून चाललीय, मागे लांब दोरी. कुणाची तरी शेळी हरवली होती, ती ओढ्यापलीकडे सापडेपर्यंत हिने माग सोडला नाही. दोन महिन्यांचं पिल्लू. मी म्हटलं, शेळी आधीच बांधून ठेवली असेल. व्हिडिओत काय, माणूस चंद्रावरही जातो.

साहेबाला गवतात नेलं. त्याने फूल हुंगलं. नाक आहे.

७ एप्रिल, संध्याकाळ

बागवाला आला. डोंगराकडे त्याची मोठी फळबाग आहे, रानडुकरं झाडं उपटतात, म्हणून त्याला कुत्रं पाहिजे. सकाळी दहाला येणार होता. म्हणे दहालाच आलो होतो, बेल वाजवून वाजवून परत गेलो. बेल बिघडलीय, किती वेळा सांगू या घरात.

जाणता माणूस. साहेबाचे दात बघितले, पंजे दाबले, छातीवर हात ठेवला. दोरीला पक्ष्याचा पंख बांधून ओढला, साहेब बाणासारखा मागे. मी हात वर केला, साहेब जागेवर बसला. बागवाल्याच्या भुवया वर गेल्या. मी मनात पंचवीसचे अठ्ठावीस केले.

मग तो म्हणाला, आजी, हात पाठीमागे धरा आणि नुसती हाक मारा. मारली. साहेब मुंग्या बघत होता. पुन्हा मारली. शेजारीण गॅलरीत आली, साहेब आला नाही. बागवाल्याने खिशातून शिटी काढून त्याच्या मागून फुंकली. गाल फुगलेले मी पाहिले. साहेब मुंग्या बघत होता. मी म्हटलं, एकाग्रता बघा. त्याने किल्ल्यांचा जुडगा साहेबाच्या कानामागे हलवला. तीच एकाग्रता.

मग तो माझ्याकडे बघायला लागला. बराच वेळ. मग माझ्या मागे गेला. तिथे काय केलं ते मला दिसलं नाही. समोर सून उभी होती, तिचा चेहरा दिसत होता. तिने तोंड फिरवलं आणि दोरीवरचे कपडे काढायला लागली. कपडे अजून ओले होते.

बागवाला पुढे आला, खाली वाकला आणि एकेक शब्द सुटा करून बोलला. आजी, कुत्रं गुणी आहे. पण झुडपात डुकराशी भिडल्यावर त्याला माझा हात कुठे दिसणार? शिटीवर मागे फिरलं नाही तर डुक्कर फाडून टाकेल. फुकट दिलंत तरी नेणार नाही, जिवानिशी जाईल.

मी म्हटलं, वीसला देते.

तो म्हणाला, आजी.

मी म्हटलं, अठरा.

त्याने साहेबाच्या डोक्यावर हात ठेवला, सुनेशी काहीतरी बोलला आणि गेला.

८ एप्रिल

बागवाल्याने चिमटी घेतली. गॅरेजवाल्याकडून. बावीस हजार. वडाच्या झाडाएवढा हसत सांगायला आला मेला, वर म्हणाला, मावशी, तुमच्या सुतळीची कमाल.

मी मुलाला म्हटलं, पैज मी जिंकले. यातलं एक पिल्लू वीसच्या वर गेलं. पैसे कुणाला मिळाले ते पैजेत नव्हतं. मुलगा म्हणाला, मग गॅरेजवाल्याची शेड वाचली, आई.

हा माझ्यावर गेलाय. याला मी बोलायला शिकवायला नको होतं.

११ एप्रिल

सून शेडमध्ये आली, ऑफिसचे कपडे तसेच घालून जमिनीवर बसली. माझा हात धरला. तोंड अगदी समोर आणलं. म्हणाली, आई, साहेब बहिरा आहे. जन्मापासून. पांढऱ्या पिल्लांत असतं असं.

मी म्हटलं, बहिरा असता तर मला कळलं नसतं? चौतीस वर्षं झाली.

ती गप्प राहिली. गप्प राहिली असं मला तरी वाटलं. ओठ हलले होते.

शनिवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचं म्हणते, तिने नंबर लावलाय. मी म्हटलं, कुत्र्यासाठी एवढा खर्च कशाला. तिने मान हलवली. नाही अशी. हात काही सोडला नाही. मीच सोडवून घेतला, साहेबाचं पाणी भरायचं होतं. भांडं भरलेलं होतं.

१३ एप्रिल

शनिवारी गेले नाही. गुडघा दुखत होता. पुढच्या शनिवारी बघू.

साहेबाला न्यायला कुणी तयार नाही. मुलगा म्हणतो, असू दे, घरात राहील. मी म्हटलं, घरात कशाला, त्याला शेड आहे. मुलाने कॅलेंडरकडे बघितलं.

१५ एप्रिल

दिवसभर दारात बसले. बेलवर भरवसा नाही. कुणी आलं नाही. एक पोस्टमन, त्याला कुत्रं नको होतं.

मुलगा संध्याकाळी आला, जेवला. पैजेचं नावही काढलं नाही. मला वाटतं विसरला. विसरभोळा आहे.

१६ एप्रिल, दुपार

जेवून शेडमध्ये जरा आडवी झाले. कोपऱ्यात, पोत्यांच्या मागे, तिथे वारा येतो. साहेब पायांवर.

तोंडावर ऊन आलं म्हणून डोळे उघडले. वर आभाळ. छप्पर नव्हतं. मुलगा भिंतीवर उभा, हातात हातोडा, घामाने निथळलेला, पांढराफटक. खाली अंगणात पत्रे रचलेले. मी मोजले. अकरा. बाराव्याचा एक खिळा काढायचा राहिला होता.

सून धावत आली. म्हणाली, आई, दहा वेळा हाका मारल्या. तासभर ठोकाठोक चाललीय. आत कुणी असतं तर उठलं असतं, असं वाटलं आम्हाला.

साहेबाने डोळे उघडले, आभाळाकडे बघितलं, जांभई दिली.

मी म्हटलं, आम्ही जागेच होतो.