पॉइंटांवर मस्कत

सोलापूर, ११ जानेवारी २०२६

चि. काव्यास आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या पत्राचा फोटो मोबाईलवर आला. मोठा करून दोनदा वाचला. ही पद्धत बरी आहे. फोनवर तू बोलायचीस आणि मी नुसती काय, काय करत बसायची. कानाला यंत्र लावलं तरी फोनमधलं बोलणं मला कळत नाही. कागद काही पुटपुटत नाही.

तू लिहितेस की कामासाठी फिरून फिरून तुझ्या विमान कंपनीच्या खात्यात पॉइंट साठलेत, त्यातले बरेच जूनअखेर बाद होणार, आणि त्यांवर मला लंडनला न्यायचं. उभी हयात मुलींना भूगोल शिकवला, पण विमानात पाय ठेवला नाही. तेव्हा मी कशाला नको म्हणू? एक गोष्ट मात्र डोक्यात शिरली नाही. तुझ्याच कंपनीच्या विमानाने आले तर सगळे पॉइंट जाण्यातच संपतात, आणि पार्टनर कंपनीच्या विमानाने आले तर जाणं-येणं दोन्ही होतं, हे कसं? पॉइंट एकाचे, विमान दुसऱ्याचं. उडप्याकडचं कूपन घेऊन मी समोरच्या खानावळीत जेवायला बसले तर मला उठवतील की.

अजीजाची खुशाली कळली. तू लहान असताना मी शाळेत शिकवायला गेले की तुला जिच्याकडे सोडायची, तीच अजीजा. मस्कतला लेकीकडे, आफरीनकडे राहायला गेली ती गेलीच. आता गुडघे इतके धरलेत की सोलापूरला येणं होणार नाही म्हणते.

नीट समजावून लिही. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
पार्वतम्मा आत्या


लंडन, १७ जानेवारी

ती. आत्यास काव्याचे शरणु. वि. वि.

कूपनाचं वाचून बसमध्ये एकटीच हसले. आत्या, उडप्याने आणि खानावळवाल्याने आधीच आपसांत ठरवलेलं असेल, तर तुला कोण उठवेल? या कंपन्यांचंही तसंच आहे. एकीच्या विमानातल्या काही जागा विकल्या जाणार नाहीत असं वाटलं की त्या दुसरीच्या पॉइंटवाल्यांना देतात, आणि त्याबद्दल माझी कंपनी त्यांना काहीतरी पोचवते. प्रत्येकीच्या विमानाला पॉइंटांचा दर वेगळा. माझ्या कंपनीत वर इंधनाचा अधिभारही दणकून लावतात, पार्टनरकडे तो कमी असतो. शिवाय दर अंतरावर ठरतो. लांब पल्ल्याला पॉइंट भराभर जातात.

मेख एकच. पार्टनरच्या जागा मोजक्या मिळतात, आणि सगळ्या वेबसाइटवर दिसतही नाहीत. फोन करून विचारावं लागतं.

तू आलीस की माझ्या खिडकीतून बाग दाखवायची आहे. चार वर्षं मी तिचं नुसतं वर्णन करतेय. पायाचं तेवढं डॉक्टरांना विचारून घे.

तुझी वाट पाहणारी,
काव्या


सोलापूर, ३० जानेवारी

चि. काव्यास अनेक आशीर्वाद.

डॉक्टर नको म्हणाले. गेल्या वर्षी पायाच्या शिरेत गाठ झाली होती, ते त्यांच्या बरोबर लक्षात आहे. इतके तास पाय खाली सोडून बसायचं नाही, असं त्यांनी मला ऐकू येईल अशा आवाजात सांगितलं, म्हणजे बाहेर बसलेल्या सगळ्यांनाही कळलं. मी घासाघीस केली. शेवटी तीन-साडेतीन तासांपर्यंत, घट्ट मोजे घालून, मधे उठून फिरत जायला हरकत नाही म्हणाले. तेवढ्यात लंडन कुठलं येतंय?

रिक्षात बसेपर्यंत काही वाटलं नाही. घरी येऊन चहा टाकला आणि तो उतू गेला तरी तशीच उभी होते. तू मनाला लावून घेऊ नकोस.

आशीर्वाद आहेतच,
आत्या


लंडन, ३ फेब्रुवारी

ती. आत्यास शरणु.

ठीक आहे. पॉइंट वाया जायला नकोत म्हणून कंपनीच्या भेटवस्तूंमधून एक सुटकेस मागवते. एप्रिलमध्ये रजा आहे, जमलं तर मीच येईन. स्वतःला जप.

काव्या


सोलापूर, ८ फेब्रुवारी

चि. काव्यास आशीर्वाद, आणि थोडा रागही.

सुटकेस मागवली नसशील तर मागवू नकोस. मी टॅब्लेटवर बघितलं. एका सुटकेसला जेवढे पॉइंट घेतात तेवढ्यात जवळपासचं विमान दोनदा होतं. एवढी शिकलेली तू, रुसलीस की हिशेब विसरतेस.

परवापासून माझा शाळेतला नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलेला आहे. ताट मांडीवर घेऊन जेवतेय. तुझ्या पार्टनर कंपन्यांत एक मस्कतची आहे. हैदराबाद ते मस्कत साधारण तीन तास, म्हणजे डॉक्टरांच्या शब्दातलं. दर अंतरावर असेल तर एवढ्याला पॉइंट थोडेच लागणार, व्हय ना? मग तू तिकडून ये, मी इकडून येते. मस्कतला अजीजाकडे चार दिवस राहू आणि दोघी मिळून सोलापूरला येऊ. मुंबईहून जागा दिसत नाही, हैदराबादचं तू फोन करून विचार. सोलापूरहून हैदराबाद मुंबईपेक्षा जवळच, आणि रेल्वेत पाय वर घेऊन आडवं होता येतं.

तू सरळ घरी येऊ शकतेस, हे मला कळतं. पण काव्या, आजवर मी कायम दारात उभी राहून वाट बघितली. तुझ्या बाबांची, तुझी, वर्गात उशिरा येणाऱ्या मुलींची. एकदा मला निघायचंय, आणि कुणीतरी माझी वाट बघितलेली पाहायचीय.

उत्तर लवकर दे.

आत्या


लंडन, १४ फेब्रुवारी

ती. आत्यास काव्याचे शरणु. वि. वि.

आज बराच वेळ फोन धरून बसले. मुंबईहून काहीच नाही. हैदराबादहून एक जागा आहे. वेबसाइटवर नव्हती, फोनवरच्या बाईंनी शोधून काढली. माझं लंडन-मस्कत, तुझं जाणं आणि दोघींचं हैदराबादला येणं, सगळं पॉइंटांत बसतं. कर तेवढे भरायचे. तुझा अंदाज बरोबर निघाला.

पण तुझी जागा माझ्या विमानाच्या एक दिवस आधीची आहे. म्हणजे तू एकटी. आत्या, विमानतळावर सगळं पुकारून सांगतात. गेट बदललं तर तुला ऐकू कसं येणार? चाकाची खुर्ची सांगू का? नको वाटत असेल तर सरळ नाही म्हण. जागा किती दिवस राहील ते त्यांनाही सांगता येईना.

तुझी,
काव्या


सोलापूर, १४ फेब्रुवारी, संध्याकाळ

चि. काव्यास आशीर्वाद.

तिकीट काढ. खुर्ची नको. माझे पाय चालतात, कान चालत नाहीत, आणि खुर्चीत बसून काही जास्त ऐकू येत नाही. मला ऐकू येत नाही असं तिकिटावर लिहायची सोय असेल तर लिही. बाकी मला वाचता येतं.

आत्या


मस्कत, ३ एप्रिल

चि. काव्यास मस्कतहून आशीर्वाद.

हे पाठवीन तेव्हा तू विमानात असशील. उतरल्यावर वाच.

हैदराबादला गेट खरंच बदललं. मला ऐकू आलं नाही, पण समोरची सगळी माणसं एकदम उठून चालायला लागली. मी दिव्यांच्या फळ्यापाशी जाऊन नंबर वाचला आणि त्यांच्या मागे निघाले. पोचेपर्यंत तो नंबर घोकत होते, खोटं कशाला सांगू. गेटवरच्या मुलीने तिकीट पाहून माझा हात धरला आणि सगळं ओठ हलवून सावकाश सांगितलं. तुझं लिहिलेलं पोचलं होतं.

जागा डावीकडच्या खिडकीशी मिळाली. थोड्या वेळाने खाली पाणी दिसलं, लांबलचक, फाटे फुटलेलं. मी नाक काचेला लावून बसले. उजनी होती, काव्या. आपल्या नळाला चार दिवसांआड येणारं पाणी तिथे एवढं ऐसपैस पसरलं होतं. शेजारच्या गृहस्थांना हलवून दाखवलं. ते काहीतरी बोलले. मला कळलं नाही, पण त्यांनीही वाकून बघितलं. मग पुढे नुसता समुद्र. मी डॉक्टरांनी सांगितल्यासारखी मधे उठून फिरले.

बाहेर आले तर अजीजा काठी टेकून कठड्याला धरून उभी. आफरीन म्हणाली, अम्मी दोन तास आधीच येऊन उभ्या आहेत, खुर्चीवर बसायला तयार नाहीत. माझी ओढणी धरून अजीजाने काय काय सांगितलं. तिलाही आता कमी ऐकू येतं. रात्री आमच्या गप्पांचा आवाज ऐकून खालचे लोक भांडण आहे का बघायला आले.

उद्या सकाळी तुला घ्यायला आम्ही तिघी येतोय. एक सांगून ठेवते. उजनीचं, गेटचं, सगळं मला तुला तोंडाने सांगायचंय. तेव्हा हे पत्र वाचलंस असं चेहऱ्यावर दाखवू नकोस.

वाट बघतेय,
तुझी आत्या