गोजरबाईंच्या व्हॅनचे सेहेचाळीस स्पॉट

राहुरी

आदरणीय भिमाजी मामा,

पंकजाचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? शिर्डीची हवा मानवली का? (फोनवर तुम्ही “बरं हाय” एवढं बोलून ठेवून देता, म्हणून पत्र लिहिते. पत्र मधेच ठेवता येत नाही.)

आपल्या गॅरेजात गोजरबाईंची व्हॅन आली. ह्याच व्हॅनमधून त्या बाजाराच्या गावांना बांगड्या विकत फिरतात. तिसगावच्या वळणावर उसाच्या ट्रॅक्टरनं डावी बाजू पार चेपली. शेजारचा बन्सी मिस्त्री म्हणाला, “पुट्टी भर न् रंग मार, कुनाला कळतंय?” मी म्हटलं, अख्खा पत्रा बदलणार. हे मी गोजरबाईंसमोर म्हटलं, त्यामुळे माघार घेता येईना.

तुम्हाला माहीतच आहे, बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्याला स्पॉट मारून, म्हणजे चवलीच्या नाण्याएवढ्या ठिपक्यांत वितळवून चिकटवलेला असतो. ठिपका फक्त वरच्या पत्र्यातून कापायचा आणि आतल्याला ओरखडाही येऊ द्यायचा नाही. मी शहाणीनं साधं ड्रिल लावलं. सात भोकं पाडून झाल्यावर गोजरबाई व्हॅनच्या आत बसून बाहेर बघत म्हणाल्या, “पोरी, ही गाडी हाय का चाळन?” दोन्ही पत्रे आरपार गेले होते. ती सात भोकं वेल्डिंगनं बुजवण्यात एक दिवस गेला. (बन्सी तेवढ्यात तीनदा चहाला येऊन गेला.)

मग मोबाईलवरून स्पॉट कटर मागवला. वाटीसारखा, कडेला दाते, मधे टोकदार पिन. तिसऱ्याच ठिपक्याला दाते गळाले. चूक कटरची निम्मी आणि माझी निम्मी, कारण मी ड्रिल तिरकं धरून भरधाव सोडलं होतं. पण मी हटले नाही. नगरला जाऊन दुकानदाराकडे चांगल्या पोलादाचा, स्प्रिंगच्या पिनेचा कटर मागितला. तो म्हणाला, “मिस्त्रीला पाठवा, त्याला समजंल.” मी काळे झालेले दोन्ही हात काउंटरवर ठेवले. मग त्यानं चार नग काढले. एकेकाचे दाते नखानं तपासून मी एक उचलला.

भंगारातल्या दरवाजावर तीस ठिपके कापून हात बसवला. आधी रंग घासून ठिपका शोधायचा, पंचनं मधोमध खूण करायची, तेलाचा थेंब सोडायचा, ड्रिल सरळ आणि सावकाश धरायचं, आणि गोल चकती सुटल्यासारखी वाटली की थांबायचं. थांबणं हेच अवघड, मामा. मग व्हॅनकडे वळले. आधीचे धरून पंचेचाळीस ठिपके कापून झाले, छिन्नी घातली, तरी पत्रा ढिम्म. मी ओढला, बन्सीनं ओढला. शेवटी गोजरबाईंनी कडेची फट बुजवणाऱ्या वाळक्या सीलरखाली बोट फिरवून सेहेचाळिसावा शोधून दिला. तो कापून मी सगळं वजन टाकलं, तर पत्रा सुटून मी मागे उतरवून ठेवलेल्या बांगड्यांच्या पेटाऱ्यात बसले. त्या वेळी गोजरबाई जे बोलल्या ते पत्रात लिहिता येत नाही.

पण नवा पत्रा असा बसला की फटीतून पोस्टकार्डही जात नाही. बन्सीनं दोनदा हात फिरवला आणि चहा न पिताच गेला. गोजरबाई बाजाराला निघताना माझ्या हातात डझनभर बांगड्या चढवून गेल्या. कामाला अडचण होते, तरी अजून काढलेल्या नाहीत.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
पंकजा

ता. क. जीपचं अख्खं छत बदलायचं काम आलंय. शंभराच्या वर स्पॉट. मी छताला कधी हात लावलेला नाही. “होईल” असं सांगून बसलेय.

ता. क. दुसरा. हात थरथरतो म्हणून तुम्ही गॅरेजकडे फिरकत नाही, हे मामींनी सांगितलं. हात माझे आहेत, मामा. शेजारी बसून “थांब” म्हणणारं माणूस पाहिजे. शुक्रवारी सकाळी गाडी घेऊन येतेय. दार उघडलं नाहीत तर कटर सोबत असेल.