दोघांना पुरेल एवढी खोली

प्रिय ताई,

पत्र बघून घाबरू नकोस. तू दिलेली किडनी झकास चालली आहे, रिपोर्ट बघून डॉक्टर खूश आहेत. फोन असताना भूपेंद्र पत्र कशाला लिहितो, असं तू भाऊजींना विचारशील. पण हल्ली फोनवर तू ‘बरं आहे, जेवलास का’ एवढंच म्हणतेस आणि फोन प्रियांकाकडे देतेस. तुझी सून गोड बोलते, तक्रार नाही. पण मला बोलायचं असतं ते बहिणीशी. आता निदान हे शेवटपर्यंत वाचावं तरी लागेल.

बातमी अशी की तुझा भाऊ घरात जिम काढतोय. हसून घे आधी. ऑपरेशननंतरच्या गोळ्यांनी माझं पोट असं सुटलंय की शर्टाची बटणं तुझी भावजय नूतन आता दुहेरी दोऱ्याने लावते. डॉक्टरांनी दटावलं, व्यायाम करा, पण गर्दीच्या जिममध्ये पाऊल टाकू नका, इन्फेक्शन व्हायचं. तेव्हा नूतनला मागची पत्र्याची खोली आठवली, आप्पा जिच्यात कापडाचे दोन लूम चालवायचे ती. लूम विकल्यापासून तिथे रिकाम्या बॉबिनांची पोती आणि उंदीर, बाकी काही नाही. खोलीभोवतीचा शेवगा, लिंबू आणि कारल्याचा वेल मिळून नूतनच्या भाषेत ती ‘बाग’ आहे. म्हणजे बागेतली जिम. अख्ख्या पांडेसऱ्यात इतका थाट कोणाचा नसेल.

खोली साफ झाल्यावर आखणी करायला मी भिकनला बोलावलं. माझ्याबरोबर खात्यात, कापडाच्या कारखान्यात, लूम दुरुस्त करायचा तोच. धुळीमुळे मला खात्यात जायची बंदी झाली, शेठनी पर्वत पाटियाजवळच्या गोदामात बसवलं, पण भिकन रविवारी येतोच. आम्ही दोघांनी खडू घेऊन मोठ्या ऐटीत जमिनीवर रेघा मारल्या. इथे सायकल, इथे पळायचं मशीन, इथे बाकडं, इथे वजनं. चहा घेऊन नूतन आली, मधल्या चिंचोळ्या वाटेत उभी राहिली आणि तिने हात पसरले. दोन्ही कोपरं मशिनांच्या जागेवर. तिने विचारलं, सगळी मशिनं एकमेकांना चिकटवून मध्ये ही बोळ कशाला? भिकन म्हणाला, एक माणूस नुसता वळला की चारही मशिनांवर हात पोचला पाहिजे ना. इतकंच नाही, प्रत्येक मशिनामागे आम्ही बीम आत आणायला जागा सोडली होती. सुताचा तो भलाथोरला रूळ सायकलीच्या मागे कोण कशाला आणेल, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. अंगात लूमच भिनलेत, दुसरं काय. नूतन हसून हसून ओट्यावर बसली. मग एकदम गंभीर झाली आणि म्हणाली, “आठे दोन जण कसा मावतीन?”

ओल्या फडक्याने सगळ्या रेघा पुसल्या आणि पुन्हा आखणी केली. पळायचं मशीन रद्द, एका सायकलीच्या दोन सायकली, शेजारी शेजारी, दारातून शेवगा दिसेल अशा. मध्ये सतरंजी पसरायला मोकळी जागा. उत्तरेची खिडकी वाढवून घेतली. दुसरी सायकल कोणाची, असं भिकनने विचारलं नाही. तो तसा शहाणा आहे.

ताई, तुझे आभार मानलेले तुला आवडत नाहीत. दवाखान्यात एकदा प्रयत्न केला तर तू ‘गप पड’ म्हणून तोंड फिरवलंस. पत्रात तू मला गप करू शकत नाहीस, म्हणून सांगून टाकतो. डायलिसिसवर होतो तेव्हा पाणी मोजून प्यायचो, उन्हाळ्यात बर्फाचा तुकडा चोखत बसायचो. आता सकाळी उठून तांब्याभर पाणी पितो. घटाघटा, मान वर करून. रोज त्या वेळी तुझी आठवण येते आणि रोज बरं वाटतं. देवापुढे हात जोडतो तेव्हाही मनात तुझंच नाव येतं. देव समजून घेत असेल.

तुझी ताकद मला नवीन नव्हतीच. ऑपरेशनच्या आधीच्या दिवाळीत तू भिकनशी पंजा लढवलास, त्याचा हात पाटावर आपटलास आणि लगेच करंज्या तळायला गेलीस. ती माझी ताई. आणि आता अमळनेरला भाऊजी तुला हंडा उचलू देत नाहीत, प्रियांका हातातला झाडू काढून घेते, शेजारणी खुर्ची पुढे करतात. सगळे जीव लावतात, म्हणून कोणावर रागावताही येत नाही. पण तू खाटेवर बसून राहतेस, देवळातही जात नाहीस, या वर्षीची तपासणीही चुकवलीस, हे मला कळलंय.

मी आमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, तपासणी नीट आली तर ताईंनी चालावं, सायकल मारावी, बेताबेताने वजनही उचलावं, त्यांना काचेच्या भांड्यासारखं ठेवू नका. भाऊजींना घेऊन ये. आधी तपासणी करू आणि मग महिनाभर तू इथेच राहायचंस. खिडकीकडची सायकल तुझी, तिची सीट तुझ्या उंचीला लावून ठेवली आहे.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण परवा तू नूतनला म्हणालीस, “मी आते काय कामनी?” तिने ते मला सांगितलं आणि त्यानंतर मला जेवण गेलं नाही. ताई, तुझ्या दोनातली एक माझ्यात आहे. ती एकटी दिवसरात्र राबते, मला पाणी पिऊ देते, कामावर पाठवते, हसवते. जी तू काढून दिलीस ती इतकी कामाची, मग जी तुझ्याजवळ राहिली ती बिनकामाची कशी असेल?

तुझ्याच जिवावर जगणारा, तुझाच
भूपेंद्र