म्हशीच्या घमेल्यातली सुकडी

कडाव, मंगळवार, १२ ऑगस्ट १९७५

किळस आलीय. वहिनीला सातवा महिना, म्हणून बालवाडीच्या बाईंनी तिच्यासाठी पौष्टिक पिठाची सुकडी दिली. संध्याकाळी गोठ्यात गेलो, तर आई ती गाभण म्हशीच्या घमेल्यात कालवत होती.

"आये, ती वहिनीची हाय ना?"

"तिनं खाल्ली तर पोर मोठं व्हईल, मग बाळंतपणात अडंल. कालेजात बाळंतपणं शिकवतात काय रं?"

वहिनी शेण भरत होती. भरता भरता घमेल्याकडे बघत राहिली.

मी आईला बरंच सुनावलं, मग जेवायला बसलो. रागारागात चार भाकऱ्या खाल्ल्या. वहिनी सगळ्यांच्या मागून बसली, तेव्हा टोपलीत अर्धीच उरली होती. तीही तिने आधी मलाच विचारली, "भावजी, देऊ?"

आणि मी इथे म्हशीच्या घमेल्यावर लिहितोय.