तिसऱ्या नाटकाची डबी

३ फेब्रु. २००७, शनि.
पुण्याहून परत. रियाध विमानतळावर कस्टमवाल्याने नाटकांचा संच ठेवून घेतला. सहा डीव्हीडी, जुनी इंग्रजी नाटकं, विलायतेच्या टीव्हीसाठी चित्रित केलेली. "तपासून देऊ." हातात पावती. म्हटलं, बघा बापडे. सहा नाटकांत मिळून एक चुंबन, तेही हाताचं.

संध्या. – प्लेअर उघडला तर आत तिसरं नाटक. मग तिसऱ्या डबीत काय गेलं?
कुमुद खुर्ची धरून उभी राहिली. "अहो, गणपती."

४ फेब्रु.
सासूबाईंना दाखवायला आमच्या इथल्या गणपतीची डीव्हीडी नेली होती. इथे घरातसुद्धा मूर्तिपूजेला बंदी. साहेबी नाटकाची डबी कोण उघडतंय, ही युक्ती माझीच. येताना काढायची राहिली, तेही मीच. त्यात सगळे आहेत. ओढलेले पडदे, आम्ही धरून चार कुटुंबं, मुलं. आणि मोदक खाणारा ऑफिसातला परकार. आरती बाहेर जाऊ नये म्हणून टीव्हीवर नाटक मोठ्याने लावलं होतं. म्हणजे तपासनीसाला आधी चहापानाचे संवाद ऐकू येतील. मागून टाळ.
कुमुद : "परत पाठवतील का हो?" मी : "तेवढ्यावर भागलं तर पेढे वाटू." हसली नाही.

६ फेब्रु.
अरबीसाठी परकार हवाच. रत्नागिरीचा मुसलमान, आमच्या ऑफिसची सरकारी कामं तोच करतो. न सांगता नेणं सोपं होतं. सांगितलं.
"गुरुजी," पूजा मी सांगतो म्हणून तो असंच म्हणतो, "मी किती वेळ दिसतो त्यात?"
"तीन मोदक."
"मग खलास!" मोठ्याने हसला. मग बराच वेळ चमचा ढवळत राहिला. चहात साखर नव्हतीच.
एकोणीस वर्षं इथे. दोन मुली.

७ फेब्रु., बुध.
तपासणी कार्यालय. अधिकारी तरुण, अतिशय सभ्य. सभ्यपणाचीच भीती वाटली. पहिली दोन नाटकं पाहिली म्हणाला. "ही माणसं नुसती बोलतात?" मी म्हटलं, हो, चार अंक. परकारने अरबी केलं, बहुधा सुधारून.
"तिसरं?" मी विचारलं.
"सहकाऱ्याकडे आहे. शनिवारी या." पेनने परकारकडे दाखवून : "यालाही आण."
दुभाष्या म्हणून, की चेहरा ओळखून?

८ फेब्रु.
चार कुटुंबांची दर गुरुवारची नाटक पाहायची बैठक रद्द. बाकी तिन्ही घरी जाऊन सांगून आलो. फोनवर कसं सांगणार? दोघांनी आधी दाराला कडी घातली. तिसरे म्हणाले, "आमचं नाव घेऊ नका." घेणार नव्हतोच, पण चेहऱ्यांचं काय?
कुमुदने देव कणकेच्या डब्यात ठेवले. संस्कृत नाटकात रंगमंचावर मरण दाखवत नाहीत. शहाणी माणसं.

१० फेब्रु., शनि. सकाळ
परकारला काल म्हटलं, तू येऊ नकोस, ताप आला म्हण. मी एकटा निभावतो.
"तुमची अरबी ऐकली तर सुटणारा माणूससुद्धा अडकेल."
आत्ता आलाय. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. बायको आईच्या आजारपणासाठी रत्नागिरीला. घराची किल्ली कुमुदच्या हातात दिली.
"वहिनी, पोरींची शाळा दीडला सुटते. दोनपर्यंत मी आलो नाही तर…"
कुमुदने विचारलं, धाकटीला तिखट चालतं का, एवढंच.
खाली जाऊन त्याने गाडी सुरू केलीय. निघतो.