रिकाम्या चौकटीचा कागद

१५ सप्टेंबर

फुलं गेली! रालीच्या हातातली – बाईंना द्यायला घेतलेली पांढरी शेवंती – गाडीच्या आरशाने उडवली. पहिलीचा पहिला दिवस. तिचा दुसरा हात माझ्या हातात होता. रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांवर होतो आम्ही, मधोमध. गाडी थांबली नाही. हळूसुद्धा झाली नाही.

राली रडली नाही. एवढंच म्हणाली, "आजी, त्याने मुद्दाम केलं का?" मी म्हटलं, नाही गं, घाईत असेल. तिला वर्गात सोडलं. शाळेच्या ज्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढली तिथे जाऊन स्टुलावर बसले. नव्या स्वयंपाकिणीने पाणी दिलं.

संध्याकाळी रालीच्या आईला, इलियानाला, स्पेनमध्ये फोन केला. सगळं छान झालं म्हणून सांगितलं. पोरीला माझ्या भरवशावर ठेवून गेली आहे ती.

१८ सप्टेंबर

पूल दुरुस्तीला काढल्यापासून हे सुरू आहे. मोबाइल सगळ्यांना आमचाच रस्ता दाखवतो. सरळसोट रस्ता, पट्टे पुसट, तीसच्या वेगाची पाटी झाडाच्या फांदीत गडप.

मेतोदी घड्याळ घेऊन बाकावर बसला. तो आमच्या इमारतीचा कारभार बघतो, जन्मभर बस चालवलेला माणूस. दोन खांबांमधलं अंतर पावलांनी मोजलं आणि हिशेब मांडला. निम्म्या गाड्या साठच्या वर. "आणि गिना, त्यातल्या निम्म्या आपल्याच शाळेच्या पालकांच्या," म्हणाला. हेच तर! मागे स्वतःचं पोर बसलेलं, आणि उशीर झाला म्हणून दामटायचं.

आडवा पोलीस हवा – रस्त्यावरच्या उंचवट्याला आम्ही तेच म्हणतो. उभे पोलीस कधी दिसले नाहीत, आडवा तरी मिळू दे.

२९ सप्टेंबर

तीनशे बारा सह्या! निम्म्या यासेनने आणल्या. तिसऱ्या मजल्यावर राहतो, पावाची गाडी चालवतो. पाव पोचवता पोचवता दुकानादुकानांत कागद पुढे केला त्याने. दोन लेकरांचा बाप. सकाळी पट्ट्यांपाशी गाडी उभी करून शाळा भरेपर्यंत मागच्यांना अडवून धरतो. मागून हॉर्न, शिव्या. हा खिडकीतून हात हलवून हसतो. मला मावशी म्हणतो, पण पोटच्या पोराने केलं नसतं एवढं करतो.

अर्ज पालिकेत दिला. आवक क्रमांक मिळाला. क्रमांक मिळाला की अर्धं काम झालं, असं इथे सगळे मानतात. मीही मानलं.

१४ ऑक्टोबर

उत्तर आलं. "गेल्या तीन वर्षांत सदर ठिकाणी जखमी अथवा मृत व्यक्तीची नोंद नसल्यामुळे विनंती मान्य करता येत नाही."

पालिकेतल्या इंजिनिअर दाम्यानोवाबाईंना भेटायला गेले. वाईट नाहीत हो बाई. कॉफी दिली, दार लावून घेतलं. म्हणाल्या, "आजी, नियम मी केलेले नाहीत. वेगामुळे झालेल्या अपघाताची एक नोंद दाखवा, आठ दिवसांत बसवून देते. पण वेगामुळेच हं. पायी चालणाऱ्याची चूक असली तर ती धरत नाहीत."

एक नोंद! म्हणजे एक पोर!

मिरच्या भाजायला आणल्या होत्या. तशाच पडून आहेत.

२० ऑक्टोबर

गाड्या अडवायला चार दिवस सकाळी पट्ट्यांवरून येरझारा घातल्या. पहिल्या दिवशी चाळीसजण, आज नऊ. एकाने काच खाली करून ओरडून सांगितलं, "म्हातारे, घरी जा, लोणचं घाल!" मेतोदीने त्याच्या सात पिढ्या काढल्या. मग छातीत कळ आली म्हणून बाकावर बसला. त्याला घरी पोचवलं.

आज रालीने दप्तर भरलं नाही. रस्ता ओलांडायचा नाही म्हणे.

२३ ऑक्टोबर

सुचलं! आमच्या इमारतीच्या दारावर गेलेल्यांच्या आठवणीचे तीन कागद चिकटलेले आहेत – एक माणूस जाऊन चाळीस दिवस झाल्याचा, एक सहा महिन्यांचा, एक वर्षाचा. काळी चौकट, फोटो, चार ओळी. येताजाता प्रत्येक माणूस उभा राहतो, वाचतो. आमचे अर्ज कोण वाचतं? मग आपणही असाच कागद काढू. फोटोची जागा रिकामी. खाली – "ज्याला अजून गाडीने उडवलेलं नाही, त्या लेकराच्या स्मरणार्थ."

मेतोदी नको म्हणाला. यासेनही जरा घुटमळला. "मावशी, जिवंत पोरांचं असं लिहावं का?" मी म्हटलं, अरे, नाव कुणाचंच नाही! शेवटी खळीचा डबा त्यानेच धरला. चाळीस खांब झाले.

२५ ऑक्टोबर

काय करून बसले मी!

सगळे कागद फाडले. आयांनीच फाडले, तीनदा थुंकून. दारात आठजणी आल्या. रालीच्या वर्गातल्या मुलाची आजी सगळ्यांत पुढे. तिच्या नातवाला रात्रीपासून ताप. "चौकट रिकामी सोडलीस तू," म्हणाली. "आता ती भरल्याशिवाय राहायची नाही. कुणाला बोलावलंस, गिना?"

ऐंशी-नव्वदजणांनी सह्या मागे घेतल्या. मुख्याध्यापकांनी शाळेच्या फाटकाशी उभं राहायला मनाई केली.

२८ ऑक्टोबर

रालीशेजारी कुणी बसत नाही.

३१ ऑक्टोबर

त्या मुलाचा ताप उतरला. तरी माझं मन थाऱ्यावर नाही. मी असल्या गोष्टी मानणारी नाही – नव्हते. घरात कुणी गेलं की आई आरसे झाकायची, मी हसायचे. आता डोळे मिटले की ती चौकट दिसते, आणि आत हळूहळू फोटो उमटतो. दोन वेण्या. पुढे बघायच्या आत डोळे उघडते.

गाड्या तशाच. आज एकीने कुत्रं उडवलं. मेतोदीने पालिकेत फोन करून विचारलं, कुत्र्याची नोंद होते का. होत नाही.

मेतोदी आता खाली उतरत नाही. यासेन मात्र सकाळी गाडी आडवी लावतोच. बेकरीच्या मालकाने त्याला ताकीद दिली आहे – पाव उशिरा पोचतो म्हणून.

४ नोव्हेंबर

एक नोंद हवी. एक चौकट भरायला हवी. दोन्ही एकाच माणसाने होण्यासारखं आहे. सत्तर वर्षांची झाले मी, जगून झालं.

नाही, खोटं. जगून झालेलं नाही. रालीला अजून धड वाचता येत नाही.

५ नोव्हेंबर

कडेला उभी राहिले. तीनदा. पाऊल पुढे पडलं नाही.

९ नोव्हेंबर, हॉस्पिटल

खुब्याचं हाड मोडलं. मनगटही. डाव्या हाताने लिहिते आहे. सगळे म्हणतात, ओला रस्ता, म्हाताऱ्या माणसाला दिसलं नसेल. राली यासेनच्या बायकोकडे आहे. तिच्या मुलांत झोपते, त्यांच्याबरोबर शाळेत जाते.

मला दिसलं होतं.

परवा सकाळी काळ्या, मोठ्या गाड्या जाऊ दिल्या. मरायची भीती वाटली, दुसरं काय! मग पांढरी गाडी आली, हळू, पंचवीसने असेल. पट्ट्यांवर उभी राहिले असते तर ती थांबलीच असती. म्हणून अलीकडे, उभ्या गाडीच्या आडून उतरले. ती पांढरी गाडी पावाची होती. उजेड डोळ्यांवर होता, कोण ते कळलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं.

कळलं होतं. यासेन आहे, हा ब्रेक मारणार – म्हणूनच उतरले.

१२ नोव्हेंबर

यासेन आला. दाढी वाढलेली. चौकशी संपेपर्यंत लायसन्स काढून घेतलं आहे, गाडी दुसऱ्याला दिली. पलंगाशी गुडघे टेकले, माझा धड हात कपाळाला लावला.

"मावशी, मी किती वेगात होतो, मला आठवतच नाही. रोज इतका जपून येतो. पण त्या दिवशी उशीर झाला होता. असेनही जोरात. तू सांग ना, जोरात होतो का मी?"

मी म्हटलं, मलाही आठवत नाही रे. घरी जा, झोप. तो जाईना. रालीची गंमत सांगत बसला – त्याच्या धाकट्याला अक्षरं शिकवते म्हणे.

१३ नोव्हेंबर

दाम्यानोवाबाईंचा फोन. फाइल वर काढली आहे. पोलिसांच्या कागदावर कारण काय येतं तेवढंच बघायचं. वेग असला तर लगेच. नाहीतर हात बांधलेले. "आणि आजी, तुम्हीच एकट्या साक्षीदार," म्हणाल्या. ओल्या रस्त्यावर खुणा राहिलेल्या नाहीत.

खरं सांगितलं तर म्हातारीची चूक, आणि यासेन सुटला. मग राली पुन्हा त्याच रस्त्यावर. पूल व्हायला अजून दोन वर्षं.

दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून आहे.

१४ नोव्हेंबर

पोलीसबाई आल्या. कोवळ्या वयाच्या, नम्र. विचारलं, गाडी जोरात होती का?

हो म्हणाले. सही डाव्या हाताने केली, त्यांनी कागद धरला.

दाम्यानोवाबाईंचा निरोप आला – सोमवारी आडवा पोलीस बसवतात. दुपारी यासेनच्या बायकोने कोंबडीचं सूप पाठवलं, अजून गरम होतं. सगळं प्यायले.