अंदाजे तीन इंच

१९ मार्च, मंगळवार

ओढ्यावरच्या जुन्या पुलाचा रिपोर्ट काल सहीनिशी पुढे गेला. आज पूल तपासणाऱ्या कर्स्टनचा हाताने लिहिलेला कागद फाडायच्या आधी सहज बघते, तर काय! तुळईची भेग – साडेतीन इंच. आणि मी टाइप केलंय ‘अप्रॉक्झिमेटली तीन इंच’. तीनच्या वर गेली की पुलावरून ट्रक बंद, शाळेची बससुद्धा बंद. ती बस चालवतं कोण? माझी सख्खी बहीण, लव्हॉन. आत एकोणीस पोरं!

मुद्दाम नाही केलं. हाताला सवयच लागलीय. नऊ वर्षांपूर्वी कौंटीवर, म्हणजे आमच्या जिल्हा ऑफिसवर, खटला झाला, तेव्हापासून वकिलाचा हुकूम – प्रत्येक आकड्याआधी ‘अप्रॉक्झिमेटली’ नाहीतर ‘मोर ऑर लेस’ घाला, कोर्टात कुणी शब्दात पकडायला नको. टाइप झालं की हाताने लिहिलेले कागदही फाडून टाका. आता अंदाजेच म्हणायचं तर अर्धा-पाव कशाला ठेवा? मी छाटते. नऊ वर्षं छाटतेय.

२० मार्च

ड्यूएनला सांगितलं. साहेब आहे, त्यालाच सांगणार ना. खुर्चीत मागे रेलून हसला. “अगं मार्लिस, अंदाजे लिहिलंयस ना? मग खोटं कुठंय त्यात? साडेतीन म्हणजे तीनच, मोर ऑर लेस!” पूल बंद केला तर बसला चौदा मैलांचा वळसा, शाळेवाले त्याचं डोकं खातील म्हणे. “मे महिन्यात बघू, बर्फ तरी वितळू दे.”

मीही हसले. शी! का हसले मी?

२१ मार्च

जेवण गेलं नाही.

२२ मार्च, शुक्रवार

चर्चच्या हॉलमध्ये गावजेवण, तळलेला मासा. लव्हॉन शेजारीच बसली. “तो पूल हल्ली कुरकुरतो गं,” मजेत सांगत होती, “पोरं टाळ्या पिटतात! ठीक आहे ना पण? तू तर सगळं टाइप करतेस.”

“आहे की, जवळजवळ गेल्या वर्षीसारखाच,” म्हणून गेले. बहिणीशीसुद्धा माझ्या तोंडून कागदावरचीच भाषा! तिनं माझ्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. “खा गं, किती वाळलीस!” मला रडूच येत होतं. नुसतं “जाऊ नकोस तिकडून” एवढं म्हणायचं होतं. नाही म्हटलं.

२४ मार्च, रविवार

ठरलं. नवा रिपोर्ट टाइप केलाय. साडेतीन. मागेपुढे एक शब्द नाही. उद्या सकाळी ड्यूएनच्या टेबलावर. पेन्शनला दोन वर्षं राहिलीत, तो मला काय काय बोलेल ते बोलेल. पण ठरलंय.

कर्स्टनची सही लागणार, म्हणून तिला फोन केला. खुश होईल वाटलं – पहिलंच वर्ष तिचं, तिचाच आकडा परत लावतेय मी. तर म्हणाली, “सकाळी पुलापाशीच भेटू. सातला.” पुलापाशी कशाला?

२५ मार्च, सोमवार. गाडीतच लिहितेय.

कर्स्टन रडतेय. “मी खाली उतरलेच नव्हते, मार्लिस. पाण्यावर बर्फ होता, भीती वाटली. गेल्या वर्षीच्या रिपोर्टातला आकडा घेतला आणि अर्धा इंच वाढवला.”

गेल्या वर्षीचा रिपोर्ट मीच छाटून टाइप केला होता. त्याच्या आधीचाही मीच. हाताने लिहिलेले कागद सगळे मीच फाडले. भेग खरी किती आहे, ते आता कुणालाच ठाऊक नाही.

गाडी पुलाच्या तोंडाशी रस्त्यात आडवी लावलीय. वळणावर लव्हॉनची बस दिसली. हॉर्न वाजवतेय.

वाजव बाई.